बारानंतर कॅपुचिनो नाही

दुपारी बारानंतर दामलेकाकांच्या घरी दुधाची कॉफी मिळत नाही. मागून बघा हवं तर. तुम्ही कॅनडातल्या आमच्या कोक्विटलामच्या पावसात भिजून, कुडकुडत आलेले असा, काका चष्म्याच्या वरून तुमच्याकडे बघतील आणि म्हणतील, "एस्प्रेसो देतो. कॅपुचिनो सकाळी. तिथे असं चालत नाही."

'तिथे' म्हणजे इटलीत, फ्लॉरेन्सला. आपण इथे आहोत हे त्यांना सांगून उपयोग नाही, मी सांगून बघितलंय. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाएवढ्या कपात काहीतरी काळंकुट्ट समोर येतं आणि ते उभ्यानेच प्यावं लागतं, कारण तिथे बसून पीत नाहीत. शेजारी चांगला चार माणसांचा सोफा रिकामा असतो.

दामलेकाका आमचे शेजारी. मधे फक्त सीडरच्या झाडांचं कुंपण. जन्मभर पुलांची डिझाइनं केली, रिटायर झाले, आणि काही वर्षांपूर्वी काकूंना घेऊन आठवडाभर फ्लॉरेन्सला जाऊन आले. एकच आठवडा. आख्खं आयुष्य कॅनडात गेलं, पण समोरच्या घरातल्या माणसाचं नाव त्यांना अजून माहीत नाही, तो 'कुत्रेवाला'च आहे. फ्लॉरेन्समधला भाजीवाला दुपारी दुकान किती वाजता बंद करतो, ते मात्र झोपेतून उठवून विचारा.

आमच्या मराठी मंडळींत कुणी इटलीचं तिकीट काढलं, की कुठून कोण जाणे, काकांना वास लागतो. लगेच फोन. "रविवारी चारला बेसमेंटमध्ये या. जोडीने. तयारीशिवाय जाऊन शोभा करून घेऊ नका." नाही म्हणायची सोय नसते. शिवाय वर स्वयंपाकघरात काकू बटाटेवडे तळत असतात, त्यामुळे कुणी फारसं नाही म्हणतही नाही.

या क्लासचा शेवट ठरलेला. काका घसा साफ करून जाहीर करणार, "सप्टेंबरात आम्हीपण जाणार आहोत. मी आणि शैला." आणि जिन्याच्या वरून काकूंचा आवाज येणार, "तुम्ही जा. मी नाही येणार." चिडून नाही, ओरडून नाही. भाजीत मीठ घातलंय असं सांगावं, तसं. काकांचा चेहरा पडायचा, आम्ही हसायचो आणि वडे खायला वर पळायचो. असे कितीतरी सप्टेंबर आले आणि गेले. काकूंचे गुडघे दुखत असतील, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याच काकू दर शनिवारी बायकांच्या ग्रुपबरोबर डोंगर चढून येतात, हे आम्हा हुशार लोकांच्या लक्षात आलं नाही.

या वर्षी आमचा नंबर लागला. लग्नाच्या वाढदिवसाला मी आणि संदीपने फ्लॉरेन्सला जायचं ठरवलं होतं. बेसमेंटमध्ये उतरलो तर काकांनी शहर उभारलेलं. इस्त्रीचं टेबल म्हणजे कॉफीच्या बारचा गल्ला, शेजारी कॉफीचं मशीन ठेवलेला ओटा म्हणजे काउंटर. वॉशिंग मशीन म्हणजे रेल्वे स्टेशनवरचं तिकिटावर शिक्का मारायचं यंत्र. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसशेजारी टोपल्यांत टोमॅटो, भेंडी, संत्री, म्हणजे बाजार. मुलगी आमच्याबरोबर आली होती. ती सगळं बघून म्हणाली, "आई, इज ही फॉर रिअल?" आणि वड्यांच्या वासाने परत वर निघून गेली. जाताना तिने दार ओढलं तसे काका खालून कडाडले, "दार लावू नकोस. डोअर ओपन."

"दुकानात शिरताना पहिलं काय?" काकांनी विचारलं. समोर आम्ही दोघंच, पण आवाज असा की हॉलभर माणसं बसलीत.

"बुओनजोर्नो," संदीप पुटपुटला.

"मोठ्यांदा. न बोलता आत घुसणं म्हणजे उद्धटपणा. तिथे असं चालत नाही."

मग बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे, पावती घ्यायची, मग काउंटर. तिकिटावर शिक्का न मारता गाडीत चढायचं नाही. संध्याकाळी सहाला जेवण मागायचं नाही, हॉटेलं उघडलेली नसतात. मी सवयीने भेंडीचं टोक मोडून बघितलं तर माझ्या हातावर फटका बसला. "मालाला हात लावायचा नाही. मागायचं, तो देईल." पन्नाशीच्या बाईला भेंडीसाठी फटका. पण वडे होणार होते, म्हणून गप्प बसले.

शेवटी चर्च आलं. खांदे झाकलेले हवेत, टोपी काढायची, फोन बंद, आवाज बंद. मी आपलं सहज विचारलं, "आणि चपला? बाहेरच काढायच्या ना?"

ज्या माणसाला इटलीतल्या कुठल्याही गोष्टीबद्दल न विचारता उत्तर देता येतं, तो कॉफीचं मशीन फडक्याने पुसायला लागला. पुसलेलंच पुन्हा पुसत होता. वर झाऱ्याचा आवाज थांबला, आणि काकू झारा हातात घेऊनच जिना उतरून खाली आल्या. क्लास चालू असताना त्या कधी खाली येत नाहीत.

"मी काढल्या होत्या," त्या मला म्हणाल्या. "देवाचं दार म्हटल्यावर बूट घालून कशी आत जाणार? पायरीशी नीट जोडून ठेवले. बाहेर येऊन बघते तर नाहीत. कुणी टाकून दिलेत समजून उचलले असतील. तर हे भर चौकात माझ्यावर ओरडले. 'अक्कल गहाण ठेवलीस का? कुठे न्यायच्या लायकीची नाहीस तू.' मराठीत ओरडले, पण लोकांना कळलं. हॉटेलपर्यंत मोज्यांवर चालत आले मी. हे पुढे, मी मागे."

मला काकांचा भयंकर राग आला. इतकी वर्षं ज्या माणसाची आपण मजेत टर उडवली, त्याच्याकडे बघवेना. संदीप टोमॅटो निरखत होता, हात न लावता.

"मला तरी कुठे माहीत होतं तेव्हा?" काका मशीनकडे बघत म्हणाले. त्यांचा तो हॉलभर आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "आत जाताना मी माझे बूट काढले नाहीत, ते सगळ्यांचं बघून. तुला सांगायचं सुचलं नाही. नंतर सगळं वाचून काढलं. एकूण एक."

"मग मला सांगायचं. गावाला कशाला शिकवत बसलात?"

"तूच म्हणालीस, माझ्यासमोर पुन्हा त्या गावाचं नाव काढायचं नाही. म्हणून दार उघडं ठेवतो." काकांनी फडकं खाली ठेवलं. "वर ऐकू येतं ना तुला? चूक तुझी नव्हती, शैला. मी घाबरलो होतो आणि तुझ्यावर ओरडलो."

माफ केलं, असं काकू म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी झारा इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि काउंटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बुओनजोर्नो," त्या म्हणाल्या. आमच्या दोघांपेक्षा कितीतरी स्वच्छ. "एक कॅपुचिनो."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजत आले होते. काकांनी घड्याळाकडे बघितलं. "तिथे..." एवढं तोंडातून निघालं आणि त्यांनी ते गिळलं. फ्रिजमधून दूध काढलं. फेस काढून कपावर घातला.

"आणि मी बसून पिणार आहे," काकू म्हणाल्या.

काका फर्नेसमागे ठेवलेली खुर्ची आणायला गेले. ती झटकली, पुसली, काकूंच्या मागे आणून ठेवली आणि त्या बसेपर्यंत पाठ धरून उभे राहिले.

आम्हाला मात्र एस्प्रेसोच मिळाली. उभ्याने.