चुकीच्या खुर्चीतला कोच

"चिमणी चॅम्पियनशिपला चालली म्हणूनच समजा!" चष्मेवाल्यांनी टेबलावर अशी थाप मारली की चहाचे तिन्ही कप दचकले.

चष्म्याच्या दुकानात उभी हयात गेलेला माणूस. समोरच्याला दोन हातांवरचं दिसत नसेल तर ते त्यांना लगेच कळायचं. स्वतःला नाकासमोरचं दिसत नाही हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे बायको रोज सांगायची, पण ते काही कुणी नव्हे.

भानगड अशी होती. बॅडमिंटनच्या मोठ्या चॅम्पियनशिपला गुणांच्या यादीतल्या पहिल्या सोळा मुलीच जाणार होत्या. चष्मेवाल्यांची लेक चिमणी नेमकी सोळावी! शेवटच्या कठड्याला लोंबकळत उभी! त्यात तिचा घोटा मुरगळलेला, त्यामुळे यादीआधीच्या शेवटच्या स्पर्धेत ती खेळणारच नव्हती. आता तिचं नशीब दुसऱ्यांच्या रॅकेटवर. परीक्षा आपली आणि पेपर शेजाऱ्याच्या मुलीने लिहायचा, त्यातली गत.

"सतरावी कोण? शिडी!" चष्मेवाले म्हणाले. शिडी म्हणजे एक उंचच उंच मुलगी, उभी राहिली की नेट तिच्या कंबरेला लागतंय असं वाटे. "आज तिची क्वार्टर फायनल आहे. ती हरली की आपण आत! हिशेब लख्ख आहे."

"बाबा, हिशेब तसा नसतो," पायावर बर्फाची पिशवी धरून चिमणी म्हणाली. "गेल्या वर्षीचे गुण—"

"तू पाय सांभाळ, डोकं मी चालवतो!"

"चालवा," बायको म्हणाली, "पण हळू. बरेच दिवस बंद होतं."

चिमणीच्या अकादमीचं जॅकेट अंगात चढवून चष्मेवाले निघाले. पोटावर त्याची चेन बसेना, म्हणून उघडंच ठेवलं. कशाला निघाले? शिडीला हरताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला! जमलं तर थोडं खोकायला. सर्व्हिसच्या ऐन वेळी शिंक आली तर कोण काय करणार? शिंक काय कुणाच्या हातात असते?

हॉलमध्ये त्यांनी कोर्टाला खेटून एक जागा धरली. शिडीसमोर होती एक बुटकी मुलगी. तिला सगळे 'भिंत' म्हणत, कारण काहीही मारा, परत येणारच. पहिला गेम भिंतीने जिंकला. चष्मेवाल्यांना अशा गुदगुल्या झाल्या की शिंकायची गरजच उरली नाही.

इतक्यात शिडी घाम पुसत थेट त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सर, तुम्ही त्या अकादमीचे कोच ना?" ती जॅकेटकडे बघत म्हणाली. "आमचे सर पलीकडच्या कोर्टवर अडकलेत. जरा माझ्या खुर्चीत बसाल? एकटीने खेळलं की माझे हातपाय गळतात हो!"

चष्मेवाल्यांचं तोंड 'नाही' म्हणायला उघडलं, आणि त्यातून "अगदी आनंदाने!" बाहेर पडलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! शिंकून काय होणार होतं? आता तर पोरीला आतूनच पोखरायचं!

ते कोचच्या खुर्चीत ऐटीत बसले. शिडीचा सगळा जोर स्मॅशवर, एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आवाज गंभीर केला.

"स्मॅश बंद! नुसतं उंच उंच मारत राहा. संध्याकाळ झाली तरी चालेल."

शिडी बिचकली. "भिंतीशी लांब खेळायचं, सर? तिला कोणी दमवू शकत नाही!"

"अनुभव कुणाचा जास्त? तुझा की माझा?"

अनुभव होता, पण चष्म्याचा नंबर काढण्याचा! शिडी उंच उंच मारू लागली आणि चष्मेवाले खुशीत मांडी हलवू लागले. त्यांना काय ठाऊक, की सकाळची मॅच लांबून भिंत आधीच पार थकली होती! तिच्या पायांत गोळे आले आणि भिंतीचा हळूहळू चिखल होऊ लागला. दुसरा गेम शिडीचा!

"सर, तुम्हाला कसं दिसलं हो तिचे पाय थकलेत ते?"

"नजर लागते," चष्मेवाले पडेल आवाजात म्हणाले.

आता शेवटचा गेम. घाम चष्मेवाल्यांनाच फुटला. त्यांनी आपल्या पोतडीतला सर्वांत भिकार सल्ला काढला. "कोपरे विसर. शटलचं फूल सरळ तिच्या अंगावर मार. मधोमध! पोटावर!"

लहान मूलसुद्धा सांगेल की फूल समोरच्यापासून लांब मारायचं असतं. पण भिंतीची सारी कला धावत जाऊन फूल गाठण्यात! फूल आपणहून पोटाशी आल्यावर तिला हात कुठे ठेवावा तेच कळेना. स्वेटरमधून डोकं बाहेर काढणाऱ्या माणसासारखी ती स्वतःतच अडकायला लागली. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "हा नवा कोच कोण रे? जबरदस्त आहे!"

कशी कोण जाणे, ती स्तुती चष्मेवाल्यांच्या पाठीच्या कण्यातून वर चढली. त्यात शिडी प्रत्येक गुणानंतर वळून त्यांच्याकडे बघे, शाळेच्या फाटकात वडील थांबलेत ना हे बघावं तशी. भिंतीनेही हार मानली नाही, गुण बरोबरीत आणले. आणि मग एका लांबलचक रॅलीत शिडीने आडवं झोकून देऊन एक फूल असं उचललं, की चष्मेवाले कोण, कुठले आणि कशाला आले, सगळं विसरले.

"शाब्बास माझी वाघीण! सोडू नकोस! ठेच तिला!"

शिडीने ठेचली. मॅच संपली. चष्मेवाले खुर्चीवर उभे राहून टाळ्या पिटत होते. शिडीने धावत येऊन त्यांना मिठी मारली, कॅमेरा जवळ आला, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं. टाळी हवेतच राहिली. खिशात फोन थरथरत होता.

"घरी या," बायको म्हणाली. "आम्ही सगळं लाइव्ह पाहिलं. वाघीण कोणाची, तेही ऐकलं!"

चष्मेवाले घरात शिरले ते उंबरठ्याची माफी मागितल्यासारखे. "चिमणे, चुकलं गं. बापच फितूर निघाला."

चिमणी हसत सुटली. हसता हसता बर्फाची पिशवी घरंगळली.

"अहो बाबा, शिडी जिंकायलाच हवी होती! गेल्या वर्षी ही स्पर्धा तिनेच जिंकली होती ना? ते गुण आता गळतात. फायनल जिंकली असती तरी तिचे गुण आधी होते तेवढेच राहिले असते, वर चढणं दूरच! खरी भीती भिंतीची होती, यादीत ती थोडीच मागे होती. तिचे जुने गुण नाहीत, म्हणजे जे मिळेल ते सगळं नफ्यात. आज ती जिंकली असती तर मला मागे टाकून वर गेली असती. सकाळी हेच सांगत होते!"

"म्हणजे मी जर नीट शिंकलो असतो..."

"तर मी घरी बसले असते!"

शिडी सेमीफायनलमध्ये हरली, यादी लागली, चिमणी सोळावी. गल्लीभर चष्मेवाल्यांनी सांगितलं की हे सगळं मुळापासून त्यांनीच ठरवून केलं होतं.

पुढे पहिल्या सोळांतल्या एका मुलीने गुडघ्यामुळे माघार घेतली आणि तिच्या जागी, गुण गळूनही सतराव्या जागेवर टिकलेली शिडी आली. मग सामने जाहीर झाले. चिमणीची पहिलीच गाठ शिडीशी! त्याच संध्याकाळी शिडीचा फोन. तिच्या दृष्टीने चष्मेवाले अजूनही 'सर'च होते.

"सर, या वेळीही माझ्या खुर्चीत बसाल ना?"

फोनवर हात ठेवून चष्मेवाल्यांनी लेकीकडे पाहिलं. डोळे चकाकत होते. "बसू का? आतून पोखरतो!"

"मुळीच नाही! तुम्ही तिला हरवायला बसलात की ती जिंकते."

"मग तुझ्या खुर्चीत बसतो."

"मला जिंकवायला? अजिबात नको!"

"अगं, मग मी बसू तरी कुठे?"

"आता फक्त अंपायरची खुर्ची उरली," बायको म्हणाली, "आणि तिथे तुम्हाला कोणी चढू देणार नाही."

चष्मेवाल्यांनी फोनवरचा हात आणखी घट्ट दाबला. मग हळूच त्यांनी विचारलं, "का गं चिमणे, अंपायर व्हायला परीक्षा वगैरे असते का?"