बाल्कनांतलं जोडाक्षर

महिपती मास्तरांनी आठ वर्षं बाल्कन देशांचा अभ्यास केला, आणि आठ वर्षांत त्यांचं ऐकून घेणारा एकही माणूस सोलापुरात निघाला नाही. मास्तर येताना दिसले की शाळेतले सहकारी घाईनं पान तोंडात कोंबत, म्हणजे बोलायला नको. वळसंगला गावी गेले तर वडील विचारत, "त्या बल्गेरियात जवारी पिकती का रं?" फारशी नाही म्हटलं की तिथं विषय संपे.

शेवटी नवी पेठेतल्या वाचनालयाचे चिटणीस चन्नप्पा एकदाचे पाघळले. "रविवारी पाचला बोला. पण मास्तर, वीस डोकी तरी जमली पाहिजेत. नाहीतर पुन्हा कधी विचारू नका."

मास्तरांनी जाहिरात लिहिली: 'बाल्कनांचे प्रश्न : इतिहास व राजकारण.' खाली मुद्दाम एक ओळ घातली, 'स्त्रियांनीही अवश्य यावे.' खरं सांगायचं तर ती ओळ एकाच स्त्रीसाठी होती. त्यांची बायको सोजरबाई आठ वर्षं त्यांच्या कात्रणांवरची धूळ झटकत आली होती, पण आत काय आहे ते तिनं कधी विचारलं नव्हतं. तिला वाचता येत नाही, आणि शिकवायचं तर बाल्कनमधून सवड कुठली, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. घरात मूल नव्हतं, आणि त्यावर दोघंही बोलत नसत.

जाहिराती छापून भिंतींवर लागल्या तेव्हा मास्तर घरात दार लावून भाषण घोकत होते. रविवारी नकाशाची गुंडाळी काखेत मारून ते वाचनालयात पोचले आणि उंबऱ्यातच थबकले. आत साठ-सत्तर बाया, आणि प्रत्येकीच्या कडेवर, मांडीवर, नाहीतर पदराखाली एकेक पोर. पहिल्या रांगेत सोजरबाई ठेवणीतलं इरकल नेसून ताठ बसली होती.

चन्नप्पा घाम पुसत आले. "विषय भारी काढलात की मास्तर! तुमच्या मंडळींनी नळावर सांगितलं, आणि बघा."

त्यांनी जाहिरात पुढं धरली. 'बालकांचे प्रश्न : इतिहास व राजकारण.'

छापखान्याचा सिद्धाराम दारातच उभा होता. त्याला मास्तरांनी कोपऱ्यात ओढलं.

"सिद्धाराम, माझ्या बाल्कनांचं काय केलंस?"

"मी काय केलो नाही मास्तर. प्रूफ घेऊन घरी गेलतो, तुम्ही शाळेत होता. वैनी म्हणल्या, बघून देते. त्यांनी दिल्या तसं छापलो."

त्यानं खिशातलं प्रूफ दाखवलं. 'बाल्कनांचे' शिसपेन्सिलीनं खोडलं होतं, आणि वर गोल गोल, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं होतं: बालकांचे. मास्तर त्या अक्षरांकडे बघतच राहिले. ही बाई लिहायला कधी शिकली?

त्यांनी मान वर केली. सोजरबाई त्यांच्याकडेच बघत होती, कधी नव्हे ती कौतुकानं. आता खुलासा केला तर सत्तर बायांदेखत तिची फजिती होणार होती. मास्तरांनी प्रूफ खिशात घातलं, नकाशा भिंतीला लावला आणि बोलायला सुरुवात केली.

"तुर्की साम्राज्याला उतरती कळा लागल्यावर—"

बसम्मा नावाच्या बाईचं पोर किंचाळलं. "मास्तर, हे दिवसभर असंच रडतंय बघा. काय करायचं?"

मास्तरांनी पोर घेतलं आणि खांद्यावर टाकलं. पोर गप्प झालं. मग एक हात त्याच्या पाठीवर ठेवून मास्तर म्हणाले, "एक म्हातारा होता. आडनाव तुर्की. त्याच्या घरात सर्बिया, ग्रीस, बल्गेरिया अशी पोरं वाढली. एक दिवस त्यांनी एकजूट करून म्हाताऱ्याला बाहेर काढलं."

"आगं बया," मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या गोजरबाई म्हणाल्या. "मग वाटणी?"

"तिथंच घोळ झाला. मॅसिडोनियाचा तुकडा सगळ्यांनाच पाहिजे. बल्गेरियाला वाटलं, मला कमी आलं. तो वर्षाच्या आत भावांच्याच अंगावर गेला."

"पर त्येला फितवलं कुणी?"

आठ वर्षं मास्तर या प्रश्नाची वाट बघत होते. "शेजारच्या ऑस्ट्रियाची फूस होती."

"तरी मी म्हटलं," गोजरबाई म्हणाल्या. "शेजारणीबिगर भाऊ भांडत न्हाईत."

तास कसा गेला कळलं नाही. पोर खांद्यावरच झोपलं. निघताना बसम्मानं ते हळूच काढून घेतलं तेव्हा मास्तरांना खांदा एकदम रिकामा वाटला.

घरी जाताना सोजरबाई म्हणाली, "नकाशा लावला तवाच उमगलं मला. माझीच चूक झाली न्हवं?"

"वाचायला कधी शिकलीस?"

"शेजारच्या अक्कम्माच्या पोरीच्या पुस्तकावरनं. जोडाक्षरापतोर आले न्हाय अजून. खालचं काय बी कळलं न्हाय. वरचा सबूद तेवढा वळखीचा दिसला. म्हटलं, मास्तर माणूस चुकला तर लोक हसतील. तुमच्या तोंडी सारखं बालक-बालकच ऐकू यायचं. मला वाटायचं, आपल्याला न्हाय, म्हणून तुमी समद्या जगाच्या लेकरांचं वाचत बसताय."

मास्तरांना गलबलून आलं. आठ वर्षं ही आपल्याला केवढा मोठा माणूस समजत होती, आणि आपण तिला पाटीसुद्धा आणून दिली नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाटी आणली आणि पहिलं जोडाक्षर काढून दिलं: ल्क.

महिन्याभरानं चन्नप्पांनी दुसरं व्याख्यान मागितलं. मास्तरांनी मजकूर लिहिला, 'बालकांचे प्रश्न : भाग दुसरा,' आणि कागद मुकाट्यानं बायकोपुढं ठेवला. तिनं तो बोट फिरवत वाचला, कपाळाला आठी घातली आणि पेन्सिल उचलली.

"मास्तर असून चुकताय की. ल पाय मोडका पायजे हितं. आन् म्होरं न."

"अगं, पण मग बाया येतील का?"

"न यायला काय झालं? त्या बल्गेरियाचं पुढं काय झालं म्हणून नळावर रोज मलाच इचारत्यात."