पाळणा, थिनर आणि मिलमधली मशीन

मधुकररावांनी ड्रिल मशीनचा प्लग सॉकेटात खुपसला मात्र, शर्वरीनं धावत जाऊन व्हरांड्यातला मेन स्विच पाडला.

"लाइट गेली का गं?" स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या.

"मी घालवली, आई. बाबा, आधी खोलीबाहेर या!"

उद्या बारसं. शर्वरीचा नवरा सुमीत लहानपणी ज्या पाळण्यात झोपला त्यातच नातवाला घालायचं, हा मधुकररावांचा हट्ट. धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून त्यांनी सकाळी पाळण्याला थिनर घालून पॉलिश केलं. मग दिसलं, कडीचं भोक फाटलंय. नवं पाडायला त्यांनी मिल बंद पडताना आठवण म्हणून आणलेली मशीन काढली. लोखंडी अंग, दोन पिनांचा प्लग, अर्थिंगचा पत्ता नाही.

"एकदम पक्की मशीन आहे, बेटा."

"झटका देते ना?"

"हलकासा. माणूस जागा राहतो."

"बाबा, चालताना आत ठिणग्या उडतात तिच्या. खोलीभर थिनरची वाफ आहे. भडका उडेल!"

"भडका" एवढंच शेजारच्या चौबेबाईंनी ऐकलं. "भाभी, गैस लीक है क्या?" उत्तराच्या आत वरचे भाडेकरू अनवाणी खाली आले, कोणी ओलं पोतं आणलं, आणि बारशासाठी देवास गेटच्या बसस्टँडवरून रिक्षानं आलेल्या अहल्यामावशी फाटकातच रडू लागल्या.

"केवढा तमाशा!" मधुकरराव चिडले. "अरे, मिलमध्ये आम्ही..." आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "कापूस पिंजायच्या खात्यात हवेत नुसता रुवा तरंगायचा. दारावर माझी ड्यूटी. विडी, काडेपेटी, सगळं बाहेर. लायटर होता म्हणून खुद्द मॅनेजरसाहेबांना परत पाठवलं मी!"

"आणि ही मशीन?"

"तिथे? पागल झालीस का! एक ठिणगी पडली तर..." ते थांबले. पोतंवालाही थांबला. "तिथे हातानं फिरवायचं ड्रिल चालायचं," ते हळूच म्हणाले.

तसलंच एक माळ्यावर सापडलं. पाळणा अंगणात आणून मधुकररावांनी भोक पाडलं. प्रत्येक फेऱ्याला मिलमधला एकेक सोबती आठवत.

दुपारी शर्वरी दुपटी आणायला गेली, तर खोलीच्या दारात खुर्ची टाकून ते बसलेले.

"मोबाइल बाहेर."

"बाबा, वास गेलाय आता."

"ते मी ठरवणार. बटणाला हात लावायचा नाही. दुपटी मी आणून देतो."

बाळ झाल्यापासूनच्या सव्वा महिन्यात पहिल्यांदाच घरात तिच्याहून जास्त घाबरणारं कोणीतरी होतं. शर्वरी बाळाशेजारी आडवी झाली आणि चक्क झोपली.