बडीशेपेचे नर

"पाखरांना बडीशेप? पोट बिघडलंय का त्यांचं?"

परसातल्या शेडच्या दारात उभं राहून सासूबाईंनी विचारलं. धाकटी सून लावा पक्ष्यांच्या दाण्यात बडीशेपेची पूड कालवत होती.

"यानं नर जोमदार होतात आई, अंडी जास्त फळतात, म्हणे."

"हा म्हणे कोण? त्याला एकदा शेडवर घेऊन ये."

शेड सासूबाईंनी उभी केली होती, दाण्याच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला होती आणि सुनेला नेमकी तीच हवी होती. दोघींच्या मध्ये भरडल्या जाणाऱ्या मुलानं अखेर तोडगा काढला. डावीकडचे पिंजरे सुनेचे, त्यांना पूड. उजवीकडचे आईचे, त्यांना साधा दाणा. जिच्या अंड्यांतून जास्त पिल्लं निघतील, तिची किल्ली.

दुसऱ्याच दिवशी सून नेलपॉलिशची बाटली घेऊन शेडमध्ये बसलेली दिसली.

"इथं कुणासाठी नटायचं गं? या नरांसाठी?"

सून नुसती हसली. उत्तर न देणारी सून केव्हाही धोक्याची, पण सासूबाई त्या दिवशी घाईत होत्या.

हळूहळू डावीकडचे नर बदलले. मुठीएवढी पाखरं, पण छाती काढून चालायला लागली, ओरडून शेड डोक्यावर घ्यायला लागली. नर तयार झाला की शेपटीखाली दाबल्यावर पांढरा फेस येतो. इथं तर कपडे धुता येतील इतका येत होता. सासूबाई जाता-येता दाबून बघत. बडीशेपेत असं असतं तरी काय? मग ओव्यानं काय होईल? विचारायचं तर सुनेला विचारावं लागणार, आणि त्यापेक्षा पोट फुगलेलं बरं.

यंत्रात उबवायला अंडी जमवायची वेळ आली. सून बाजारात गेली तशी सासूबाईंनी पदर खोचला आणि डावीकडचे सगळे नर उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे केले. चष्मा खुंटीलाच होता. तो लावणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं. आणि एकासारखं एक पाखरू, ओळखणार कोण?

पिल्लं निघाली. सासूबाईंचा ट्रे किलबिलाटानं भरला, सुनेच्या ट्रेमधली निम्मी अंडी थंडगार पडून राहिली.

"बघ," सासूबाई मुलाला म्हणाल्या, "साधं खाणाऱ्याचा वंश वाढतो."

सून रडली नाही, भांडली नाही. असं झालं कसं, हे बघायला ती उजवीकडच्या पिंजऱ्यापाशी गेली. एक नर बाहेर काढला, उलटा केला. मग खुंटीवरचा चष्मा काढून सासूबाईंच्या हातात दिला.

"आई, तुमच्या नरांना नटायची हौस कधीपासून?"

नराची नखं लालभडक होती. मुलगा दाण्याच्या पोत्यात तोंड घालून खोकू लागला.

सासूबाईंनी चष्मा लावला. पाय फिरवून फिरवून पाहिला. रंग कुठं ओघळला नव्हता.

"हात बरा आहे तुझा," त्या म्हणाल्या. कमरेची किल्ली काढून त्यांनी सुनेच्या पुढ्यात टाकली. "आता उजवीकडे ओवा घालू. आणि या खेपेला नखं मी रंगवणार."