पेडणेकरांचे सिनेटर

अमेरिकेतला एखादा सिनेटर कुठल्याशा गावच्या जत्रेत मक्याचं कणीस खाताना दिसला, की शारजात, रोल्ला भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पेडणेकर माझी बेल वाजवायचे.

"बघितलंत सामंतसाहेब? कणीस खाल्लं!"

"भूक लागली असेल हो."

"त्याच्या राज्यात कणसं नाहीत? विमानाने जाऊन खाल्लं! खलास. हा राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहणार."

पेडणेकर मूळचे मालवणकडचे. इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात स्टोअरकीपर. दिवसभर ब्रेकपॅड आणि फॅनबेल्ट, आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर सिनेटर. नावं जिभेवर बसेनात म्हणून त्यांनी सगळ्यांची नव्याने बारशी केली होती. एक लाल टायवाला, एक दातवाला, एक मावशी. मावशींचं आत्मचरित्र आलं तेव्हा म्हणाले, "वधूवर मंडळात नाव घातलं बाईंनी." आणि कुणी 'मी उभा राहणार नाही' असं जाहीर केलं, की यांचे डोळे चमकायचे. "पत्रिका छापायला टाकली!"

मग आमच्या मराठी मंडळाची निवडणूक लागली. अध्यक्ष व्हावं असं मला कितीतरी दिवस वाटत होतं, पण ते बायकोलाही बोललो नव्हतो. पेडणेकरांनी मात्र ओळखलं.

"गेल्या महिन्यात तीन बारशांना गेलात. तिन्ही ठिकाणी बाळ उचललंत. फोटोसकट."

मी लाजलो. ते खूश झाले. इतकी वर्षं लांबून बघितलेला उमेदवार त्यांना घरपोच मिळाला होता. गॅरेजातून सुटले की ते तसेच ग्रीसच्या हातांनी कामगारांच्या कॅम्पातल्या आपल्या माणसांकडे जायचे आणि माझं नाव सांगायचे. मला बजावायचे, "इच्छा आहे म्हणायचं नाही. लोकांचा आग्रह आहे म्हणायचं."

"कुठल्या लोकांचा?"

"मी आहे ना!"

सभेच्या दिवशी माझं भाषण पडलं. लोक मोबाइल बघायला लागले. मी घाबरलो, आणि घाबरून पेडणेकरांची नक्कल सुरू केली. ती पँट वर ओढायची लकब, तो 'शिनेटर', ते 'कणीस खाल्लं, खलास!' हॉल हसून लोळला. दुसऱ्या रांगेत पेडणेकर होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी मागे वळून हसणाऱ्या लोकांकडे पाहिलं, जरा थांबले, आणि मग स्वतःही टाळ्या वाजवू लागले. मला ते दिसलं. तरी मी आणखी दोन मिनिटं चालू ठेवलं.

मी निवडून आलो. नंतर दोन आठवडे, ते लिफ्टपाशी दिसले की मी जिन्याने जात होतो.

शेवटी एका रविवारी संध्याकाळी पेढे घेऊन खाली त्यांच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. पेडणेकर पलंगावर बसून व्हिडिओ कॉलवर बोलत होते. मांडीवर वही, वहीत सिनेटरांची नावं देवनागरीत. पडद्यावर नऊ-दहा वर्षांची मुलगी.

"या, या! ही माझी नात. मुलीची मुलगी, अमेरिकेत असते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मराठी येत नाही तिला. शाळा कशी, जेवलीस का, एवढं विचारलं की माझं इंग्लिश संपतं. शाळेत तिला हे शिनेटर शिकवतात, म्हणून मी पण वाचतो. पाच मिनिटं बोलते तरी."

मग फोन माझ्याकडे वळवून म्हणाले, "बेटा, धिस माय फ्रेंड. प्रेसिडेंट!"

मुलीने मला निरखून पाहिलं. "आय नो हिम. यू सेंट मॉम द व्हिडिओ." मग कपाळाला आठ्या घालून तिने विचारलं, "आजोबा, व्हाय वॉज एव्हरीबडी लाफिंग ॲट यू?"

स्टेजवरून आपलं नाव घेतलं गेलं म्हणून पेडणेकरांनी ती क्लिप लेकीला कौतुकाने पाठवली होती.

"नो, नो. जोक. ही गुड मॅन," ते म्हणाले. शब्द पुरेनात तसे माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा हो तिला नीट. तुमचं इंग्लिश चांगलं आहे."

ती वाट बघत होती. तेही.

मी तिला 'सॉरी' म्हणालो. तिने मान डोलावली. पेडणेकर पेढ्यांचा बॉक्स उघडून तिला दाखवू लागले.

त्यांना मी ते अजून म्हटलेलं नाही.