शेपटीचा ठसा

एका जंगलात कायद्याचं राज्य होतं. हसू नका मुलांनो, गोष्टीत असतं असं.

तिथल्या तळ्यात डबडू नावाचं बेडकाचं पिल्लू राहायचं. त्याला अजून पाय फुटले नव्हते, नुसती शेपटी होती. एके दिवशी पोहता पोहता ते नेमकं धवलराव बगळ्याच्या पुढ्यात आलं.

धवलराव एका पायावर ध्यान करत होते. बेडकांच्या ओरडण्याने त्यांचं ध्यान सारखं मोडायचं.

"बाळ, आपण एक करार करू," ते म्हणाले. "मी तुला कधी खाणार नाही. तू आयुष्यात कधी डरांव म्हणायचं नाहीस."

डबडूला ओरडता येतच नव्हतं. जे आपल्याकडे नाहीच ते देऊन जीव वाचत होता. त्याने शेपटी चिखलात बुडवली आणि कमळाच्या पानावर ठसा उमटवला.

धवलरावांनी शब्द पाळला. बगळा असून पाळला, एवढं लक्षात ठेवा.

पुढे डबडूची शेपटी गेली, पाय आले, गळाही फुगू लागला. पावसाळ्यात तळ्यातले सगळे बेडूक गायला बसत. डबडू तेवढा तोंड मिटून बसे. मुक्या बेडकाकडे एक बेडकी ढुंकून बघेना. बिचाऱ्याला रडू यायचं, पण तेही आवाज न करता रडावं लागे.

शेवटी त्याने जंगलाचे न्यायाधीश कूर्मशास्त्री कासव यांच्यापुढे दावा लावला.

"करारात मोबदला होता का?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"होता की. याचा जीव," धवलराव म्हणाले.

"जबरदस्ती?"

"छे. मी फक्त चोच उघडी ठेवून उभा होतो."

"ते चालतं," शास्त्रीबुवा म्हणाले. मग त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं. "पण हा ठसा शेपटीचा आहे. शेपटी आहे, म्हणजे अल्पवयीन. अल्पवयीनाशी केलेला करार मुळातच रद्द. सबब तो कोणावरही बंधनकारक नाही."

"कोणावरही?" धवलरावांनी अदबीने विचारलं.

"कोणावरही."

डबडूचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने गळा फुगवला आणि जन्मात पहिल्यांदा डरांव केलं. आवाज खरंच चांगला होता हो. काठावरच्या दोन बेडक्यांनी वळून पाहिलं.

"न्यायालयात शांतता राखा," शास्त्रीबुवा म्हणाले आणि त्यांनी मान कवचात घेतली.

धवलराव कायदा पाळणारे होते. त्यांनी एका घासात शांतता केली.

तात्पर्य: ज्या करारामुळे आपण जिवंत आहोत तो वैध आहे का, हे कायद्याच्या जाणकाराला कधी विचारू नये. तो खरं सांगतो.