सिदोजी नाईक आणि शेपटाकडील दिंडी

श्रीअन्नपूर्णेचे चरणीं मस्तक ठेवून, भरल्या ताटास साक्ष ठेवून लिहिलें ऐसें जे. शके १७०४, शुभकृत् नाम संवत्सरीं, फाल्गुन शुद्ध पौर्णिमेस महाराजांनी होळीच्या पुरणपोळ्या तुपांत बुडवून यथेच्छ भक्षिल्या, आणि ती सारी रसद आतड्याचे राज्यांत उतरली. या राज्यास नांव नाही, नकाशा नाही, परंतु कारभार मोठा. आतड्याचे भिंतींत मज्जापेशींच्या चौक्या, आणि हरएक चौकीस दर्शनी तोंड व मागें लांब शेपूट. तोंडाशी बाहेरील जासूद निरोप आणितात, आणि मग चौकी आपले शेपटाचे टोंकाहून स्वतःचे जासूद स्नायूंकडे धाडिते, आणि स्नायू रेटा देऊन रसद पुढें ढकलितात. निरोप ऐकावयास चौकीचे अंगावर लहान दिंड्या, म्हणजे छोटीं दारें, असतात, ज्यांस वैद्यमंडळी ग्राही म्हणतात. एक दिंडी एकाच जातीच्या जासुदास ओळखिते. इतरांनी डोकें आपटलें तरी ढिम्म हलत नाही.

अशा एका चौकीचे नाईक सिदोजी. माणूस इमानी, परंतु मिरवण्याचा सोस भारी. दिंड्या जुन्या झाल्या कीं कारखान्यांत नव्या घडवून बसवाव्या, हा तेथील रिवाज. होळीस नव्या दिंड्या आल्या आणि नाईक म्हणाले, "सगळ्या दर्शनी लावा. शेपटाकडे कोण बघतंय?" त्यांत 'पुरे' म्हणणारी दिंडीही होती. तिणें शेपटाशी बसावें, आपलेच चौकीचे जासूद सुटलेले ऐकावे, आणि बस्स झालें म्हणून आंत कळवावें, हें तिचें काम. तीही तोंडाशी झळकूं लागली.

मग पुरण आलें आणि नाइकांनी जासूद सोडिले, आणि सोडीतच राहिले, कारण शेपटाशी पुरे म्हणणारें कोणी नाही. स्नायू आवळले ते आवळलेच, रसद अडली, आणि मुरडा ऐसा उठला कीं महाराज गडाबडा लोळूं लागले. मेंदूदरबाराहून हुकूम सुटला कीं, रसद न हलल्यास सिदोजींची चौकी मोडावी. बापजाद्यांची चौकी! नाइकांचे तोंडचें पाणी पळालें, आणि ते पगडी हातीं घेऊन शेजारचे चौकीच्या भागाबाई नाइकिणीकडे गेले.

"बाई, चौकी चालली माझी. काय चुकलं तेवढं सांगा."

बाई जिभेच्या तिखट, मनाच्या मायाळू. चौकी वरून खालपर्यंत न्याहाळून खो खो हसल्या आणि म्हणाल्या, "अहो नाईक, बोंब मारताय शेपटाशी आणि कान लावलाय कपाळाला. ऐकू यायचं कसं?"

"मग एवढी देखणी दिंडी तिकडे अंधारात लावू?"

"लावा मुकाट्यानं. आधी पोटोबा, मग तुमचा थाट."

नाइकांस लाज वाटली आणि हसूंही आलें. मग दिंडी काढविली, वाहकांचे खांद्यावर देऊन शेपटाचे वाटेनें नेली, आणि टोंकाशी स्वहस्तें बसविली. जासूद सुटले, दिंडीनें ऐकिले, पुरे म्हणाली, नाइकांनी हात आवरिला, आणि स्नायू सैल जाहले. मग पुन्हा रेटा, पुन्हा सैल, आणि पुरण हललें! मोठा गुडगुडाट जाहला, चौकीचौकीस हर्ष जाहला, भागाबाईंनी फेर धरिला, आणि नाईक रडतां रडतां नाचले.

येणेंप्रमाणें हुकूम मागें फिरला, चौकी राहिली, महाराज सुखी जाहले. त्यांनी सणसणीत ढेकर देऊन आणखी एक पोळी मागितली. ती खालीं उतरली तेव्हां सिदोजी नाईक तोंडाशी नव्हते, शेपटाशी, जेथें कोणी बघत नाही तेथें, दिंडीस कान लावून उभे होते, आणि म्हणाले, "येऊ द्या."